अकरा सेकंद

शेजारच्या टेबलावर दोघंजण गोठलेल्या रक्ताचं सूप ओरपत होते आणि जगातले सर्वांत चांगले युद्धपट कोणते, याची यादी करत होते. मीही तेच सूप ओरपत होतो, त्यामुळे सुपाबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुपारचे साडेबारा वाजले होते. छुंगमुरोच्या, म्हणजे आमच्या जुन्या चित्रपटवाल्यांच्या वस्तीच्या, बोळातल्या त्या खानावळीत आठच टेबलं, आणि दोन महिन्यांपूर्वी मुलीनं, मी-राननं, माझ्या कानात बसवून दिलेलं यंत्र असं की समोरच्याचं बोलणं पुसट ऐकवतं आणि शेजारच्याचं खणखणीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज केल्याची ही शिक्षा असावी.

"सहावा कोणता लिहू? पाणबुडीचा?" जाड चष्म्याचा विचारत होता. तो यादी मोबाइलवर टिपत होता.

"पाणबुडी नको रे. कोंदट जागेत घामेजलेले पुरुष. रोज आपल्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये बघतो की मी." हा निळ्या टायवाला.

"मग तो बर्फातला? ज्यात सगळे गोठून मरतात?"

"तो घे. त्यात पायाची बोटं गळतात ती अगदी खरी वाटतात." त्यानं रक्ताच्या वडीचे चमच्यानं दोन तुकडे केले. "पण पहिला नंबर आपलाच ठेव हं. 'काळ्या पाइनची वाट.'"

"तो? शाळेतून बळंच नेला होता आम्हाला. मी झोपलो होतो."

"झोपलास म्हणूनच अजून उपव्यवस्थापक आहेस. अरे, त्यात त्या म्हातारीला मारतात ना, तिथं अकरा सेकंद आवाज बंद. सगळाच. थिएटरात आपलाच आवंढा आपल्याला ऐकू येतो. त्याला म्हणतात ताकद! मावशी, मुळ्याचं किमची आणा की अजून, हे काय चिमणीला घातल्यासारखं!"

"आणते, आणते. पोट आहे का गोदाम?" मावशी आतून म्हणाल्या.

माझ्या चमच्यावरची वडी घसरून परत वाडग्यात पडली आणि शर्टावर दोन थेंब उडाले. बाकी काही झालं नाही. ते दोघं सातव्या नंबरावर गेले. मी रुमालानं शर्ट पुसत बसलो आणि मला राग आला, सुपाचा नव्हे. त्या निळ्या टायवाल्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, त्याचा. म्हातारी मेली, आपल्याला काटा आला, आता मुळा खाऊ. मला वाटलं उठावं आणि त्याला सांगावं, की बाबा रे, ते अकरा सेकंद माझे आहेत. मग वाटलं, सांगितलं तर तो सही मागेल.

माझा धंदा पडद्यामागचे आवाज करण्याचा. चौतीस वर्षं केला, याच बोळात, एका तळघरात. त्या काळी आमच्याकडे चित्रपट मुके काढत. कॅमेरा इतका खडखडायचा की नट प्रेमाचा संवाद विसरला तर सरळ एक-दोन-तीन-चार म्हणायचा, नटी लाजायची, आणि पुढे तळघरात दुसराच कुणी त्याच्या तोंडात प्रेम घालायचा. बोलणं दुसऱ्याचं, हुंदका तिसऱ्याचा, आणि चालणं, पडणं, दार उघडणं, हाड मोडणं, ते सगळं माझं. युद्धपट आले की माझी चंगळ. बर्फातून चालणारी पलटण म्हणजे कापडी पिशवीत भरलेलं बटाट्याचं पीठ आणि माझे दोन अंगठे. बरगडी म्हणजे सुकवलेला मासा, गुडघ्यावर मोडलेला. आग म्हणजे मिठाईवरचा चुरचुरीत कागद. एका हिवाळ्यात मी एकट्यानं, बसल्या जागी, नऊ हजार माणसं मारली आणि संध्याकाळी घरी जाऊन पिठानं माखलेल्या हातांनी मुलीची वेणी घातली. लोकांना वाटतं युद्धपटाची ताकद स्फोटात असते. स्फोट कुणीही करतो. सैन्य खरे सुरुंग उसने द्यायचं, धूर द्यायचं, मरायला खरे शिपाई द्यायचं, तेही दुपारच्या जेवणावर. स्फोटानं माणूस दचकतो आणि लगेच सावरून शेंगदाणे खातो. त्याला खुर्चीत खिळवायचं असेल तर स्फोटानंतरचं काहीतरी बारीक द्यावं लागतं. सदऱ्याचं बटण तुटून दगडावर पडतं, ते. ओल्या बाहीवर कुणी नाक पुसतं, ते. हे बारीक कुठून आणायचं, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मला विचारायचे, प्यो, तुला हे सुचतं तरी कसं? मी म्हणायचो, देवाची कृपा. मी सदुसष्ट-अडुसष्ट साली व्हिएतनाममध्ये, अमेरिकनांच्या मदतीला धाडलेल्या आमच्या फौजेत, शिपाई होतो, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या पिढीतला अर्धा गाव तिथं जाऊन आला होता आणि त्यातला कुणीच दुसऱ्याला काही विचारत नसे.

'काळ्या पाइनची वाट' शहात्तर साली काढला. का काढला, याचं उत्तर देशप्रेम असं छापलेलं आहे. खरं उत्तर असं की परदेशी चित्रपट आणून दाखवायचा परवाना हवा असेल, तर कंपनीला सरकारी मनासारखा एखादा चित्रपट काढून द्यावा लागायचा. आमच्या मालकाला एक परदेशी प्रेमपट आणायचा होता, त्यात एक लांबलचक चुंबन होतं. त्या एका चुंबनासाठी आम्ही चारशे मुडदे पाडले. मुहूर्ताला रिवाजाप्रमाणे डुकराचं मुंडकं मांडलं. हसऱ्या मुंडक्याला खाटीक जास्त घेतो, आणि दिग्दर्शक ह्वांगसाहेबांनी बाजारात तासभर हिंडून इतकं हसरं आणलं होतं की त्याच्यापुढे कपाळ टेकताना मला आपलीच थट्टा होतेय असं वाटलं. सगळ्यांनी दंडवत घातले, त्याच्या तोंडात नोटा खोचल्या, भाताची दारू शिंपडली, अपघात होऊ देऊ नकोस म्हणून विनवलं. मग मी ते मुंडकं मागून घेतलं. संगीन खुपसल्याचा आवाज भोपळ्यात येत नाही, कलिंगडात तर मुळीच येत नाही, त्याला कातडी लागते आणि कातडीखाली चरबी. गालात अकरा वेळा खुपसलं. ह्वांगसाहेब डोळे मिटून ऐकत होते, म्हणाले, "वा, प्यो, अगदी देशभक्ती उभी केलीस." त्यानंतर आमच्या स्वयंपाकीणबाईंनी त्याच मुंडक्याचे पातळ काप केले आणि खारवलेल्या कोळंबीबरोबर आम्ही ते खाल्ले. छिद्रं असलेले काप दिग्दर्शकांना दिले. आजही मला त्या कापांची चव आठवते. चांगली होती, हीच अडचण आहे.

त्या चित्रपटात, आमच्या यादवी युद्धात, उत्तरेचे कम्युनिस्ट शिपाई एका खेड्यात शिरतात आणि एक जण अंगणात बसलेल्या म्हातारीला बंदुकीच्या दस्त्यानं मारतो. तिथं मी आवाज दिला होता. आमचा ध्वनिमुद्रक गुक इन-हो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मी त्याला गुकदादा म्हणायचो, त्यानं सगळे आवाज एकत्र करताना, शेवटच्या मिश्रणाच्या वेळी, त्या अकरा सेकंदांपुरत्या आवाजाच्या सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या आणि ह्वांगसाहेबांना सांगितलं, फीत खराब निघाली. ह्वांगसाहेबांनी त्याला जोडा फेकून मारला. पैसे संपले होते, परवान्याची तारीख जवळ आली होती, चित्रपट तसाच गेला. महिन्याभरानं एका वर्तमानपत्रात आलं की त्या अकरा सेकंदांत दिग्दर्शकानं सबंध राष्ट्राचा आक्रोश मुका केला आहे. ह्वांगसाहेबांनी ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचेपर्यंत त्यांना आठवलं की ही कल्पना आपल्याला पहाटे आंघोळ करताना सुचली होती. मग त्यावर लेख आले, प्रबंध आले. एकानं बुद्धाशी संबंध जोडला. शाळांच्या शाळा रांगेनं यायच्या. पोरं आधी राष्ट्रगीताला उभी राहायची, मग बसायची, मग शत्रू मेले की टाळ्या वाजवायची, आणि म्हातारीच्या वेळी गप्प व्हायची, कारण गप्प झालं नाही तर मास्तर कान धरत. एकदा मी मागच्या रांगेत बसून पाहिलं. सातशे पोरं श्वास रोखून एका म्हातारीचा चेहरा बघत होती, त्यांचे डोळे चमकत होते, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की भीती आणि गोडी एकाच चेहऱ्यावर मावतात. मी बाहेर आलो, भिंतीला धरून ओकलो. पहारेकरी म्हणाला, "फार परिणामकारक आहे ना? माझ्या मेव्हण्यालाही असंच झालं."

तर आज मी नाही म्हणायला निघालो होतो. गेल्या आठवड्यात फोन आला होता, जुने चित्रपट दुरुस्त करून जतन करणाऱ्या एका संस्थेतून. बे दा-इन नावाची मुलगी, आवाज असा की बोलताना उड्या मारत असावी. गुकदादा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या बायकोनं माळ्यावरची खोकी संस्थेला देऊन टाकली, आणि त्यातल्या एका डब्यात, त्याच्या अक्षरात चित्रपटाचं नाव आणि 'प्यो, अकरा सेकंद' असं लिहिलेली फीत सापडली. म्हणजे त्यानं ती पुसली नव्हती. मरेपर्यंत, एकोणचाळीस वर्षं, डोक्यावर ठेवून झोपला होता. "सर, तुमचा आवाज जिवंत आहे!" ती मुलगी फोनवर म्हणाली. "आम्ही तो मूळ जागी परत बसवणार. ऑक्टोबरात समुद्रकाठच्या महोत्सवात, मोठ्या पडद्यावर! फक्त तुमची लेखी परवानगी हवी. तुम्ही नाही म्हणालात तर आम्हाला हात लावता येणार नाही." तेव्हापासून मी रोज सकाळी आरशात नाही म्हणून बघत होतो. तो आवाज लोकांनी ऐकायचा नाही, एवढंच मला हवं होतं. बाकी मी काही मागितलं नव्हतं कुणाकडे.

सकाळी बायको म्हणाली, "नाही म्हणायला जाताय ना?"

"हो."

"मग दाढी दोनदा कशाला केलीत?"

"एकदाच केली."

"अहो, मी मोजत होते. आणि तो चांगला शर्ट. मी-रानच्या लग्नातला. नाही म्हणायला लग्नातला शर्ट लागतो वाटतं."

मी तिला एवढंच सांगितलं होतं की त्या फितीत माझी एक चूक आहे आणि मला ती जगासमोर नको. ती म्हणाली, "चूक एकच? बरं आहे बाई तुमच्या धंद्याचं."

बसमध्ये खिडकीशी बसलो. लग्नाच्या शर्टावर रक्ताचे दोन डाग वाळून तपकिरी झाले होते. मी त्यांच्यावर फाईल धरली. आमचं तळघर होतं त्या जागी आता कुत्र्याची पिल्लं विकतात. बस तिथून गेली तेव्हा काचेमागं एक पांढरं पिल्लू आपल्याच शेपटीला चावत होतं. मला त्या निळ्या टायवाल्याचा राग आला होता, तो आता निवत चालला आणि त्याच्या जागी एक वाईट कुतूहल येऊन बसलं. तो आवाज नक्की कसा झाला होता? मी तो एकदाच ऐकला होता, करताना, आणि करणाऱ्याला आपला आवाज नीट ऐकू येत नाही. भोपळ्याला मी आतून ओलं फडकं लावलं होतं का? आंबवलेल्या सोयाबीनची ढेप घेतली होती हे आठवतं, ओल्या तागात गुंडाळून. दस्ता म्हणून मुसळ. मुसळावर कातडं. मी बोटं मोजत होतो, आणि शेजारची बाई माझ्याकडे बघून पर्स जवळ ओढत होती.

दा-इन प्रत्यक्षात उड्या मारत नव्हती, पण केस निळे होते. तिनं मला बार्लीचा चहा दिला, खुर्चीवर उशी ठेवली, भिंतीएवढ्या पडद्यासमोर बसवलं आणि माझ्यासमोर एक छापील कागद ठेवला. "सर, आधी ऐका, मग सही. घाई नाही."

"मी नाही म्हणायला आलोय," मी म्हटलं.

"हो सर, सगळे तसंच म्हणतात. कानातलं यंत्र काढता का? हेडफोन बसवते."

पडद्यावर म्हातारी आली. इतकी स्वच्छ की तिच्या गालावरचा मेकअप दिसत होता. शिपाई आला. दस्ता वर गेला. आणि मी एकेचाळीस वर्षांनी माझा आवाज ऐकला.

मला सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच बसलोय तर सांगतो. आवाज अप्रतिम होता. त्यात आधी ताग होता, मग ढेप, मग खोल आत कुठेतरी भोपळ्याचं कवच, आणि त्या तिन्हींच्या मागं एक अगदी लहान ओलसर श्वास होता, जो मी तोंडानं केला होता आणि विसरलो होतो. असा आवाज आजच्या एकाही पोराला यायचा नाही, त्यांची यंत्रं कितीही महाग असोत. माझ्या मानेवर काटा आला. निळ्या टायवाल्याला आला असता तस्साच. आणि माझं तोंड, जे आठवडाभर नाही म्हणायचा सराव करत होतं, ते म्हणालं, "खालचा सूर थोडा वाढव. ढेप दबली आहे."

"एवढा?"

"अजून. हं. बस्स."

ती खूश झाली. मी खूश झालो. दोघंही त्या म्हातारीच्या फुटणाऱ्या डोक्याकडे बघून खूश झालो आणि चहाचा घोट घेतला.  आणि तेवढ्यात, मारल्यानंतर चौथ्या सेकंदाला, हेडफोनमध्ये ते सुरू झालं. पत्र्याचं हलकं झाकण जमिनीवर पडलं, कडेवर उभं राहून घरंगळलं, मग कलंडलं, आणि गोल गोल फिरत, फेऱ्या लहान होत, वेग वाढत, थरथरत शेवटी निजलं. सात सेकंद.

दा-इननं चित्र थांबवलं. "सर, हेच विचारायचं होतं. म्हातारीचे हात तर रिकामे आहेत. अंगणात भांडंसुद्धा नाही. मग हे झाकण कुठून आलं?"

हाच प्रश्न गुकदादानं विचारला होता. तळघरात, याच क्षणाशी फीत थांबवून, काचेपलीकडून. मी खाली बघितलं तेव्हा माझ्या पायाशी आमच्या नूडल्सच्या पातेल्याचं झाकण पडलं होतं. मी ते कधी उचललं, कधी सोडलं, मला माहीत नव्हतं. आमच्या धंद्यात पडद्यावर जे आहे त्याचा आवाज द्यायचा असतो. जे नाही त्याचा दिला तर पहिल्या वर्षीच्या उमेदवारालाही हाकलून देतात.  गुकदादाही व्हिएतनामला होता, ट्रक चालवायचा. झाकणाकडे एकदा बघून तो म्हणाला, "जेवून ये, प्यो," आणि पुढे मिश्रणाच्या दिवशी पट्ट्या खाली ओढल्या.

व्हिएतनामच्या एका खेड्यात आम्ही सकाळी शिरलो होतो. दोन रात्रींपूर्वी सुरुंगात आमचे दोघं गेले होते आणि कुणी नीट झोपलं नव्हतं. घराघरांत बघा, असा हुकूम होता. एका अंगणात म्हातारी उकिडवी बसून भात शिजवत होती. आम्हाला बघून ती उठली नाही, पळाली नाही. तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं आणि आत दाखवलं, बघा, भातच आहे. वाफ आली. तिला वाटलं असावं, यांना तपासायचंय तर तपासू देत. बंदुकीचा दस्ता खाली आला. झाकण पडलं आणि घरंगळत गेलं, आणि सगळे, अगदी सगळे, त्या झाकणाकडे बघत उभे राहिले, कारण म्हातारीकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं. ते निजेपर्यंत कुणी हललं नाही. मग भाताचा वास आला आणि मला भूक लागली. तो भात आम्ही खाल्ला. मीठ नव्हतं. बायकोला लग्नानंतर दहा वर्षांनी एकदा सांगितलं होतं, आमच्यातल्या एकानं एका म्हातारीला मारलं म्हणून. ती म्हणाली होती, "मेल्याला झोप कशी लागते?" मी म्हटलं होतं, काय माहीत, नंतर भेटला नाही.

"सर?" दा-इन म्हणत होती. "तुम्ही काळजी करू नका, झाकणाचा प्रश्न आम्ही सोडवलाय. मला इतकं आवडलं ना ते झाकण! त्यातच तर सगळी ताकद आहे. मारण्यात काय, सगळेच मारतात. पण ते झाकण! म्हणून मी विचार केला, आवाज आहे तर वस्तूही असायला हवी." तिनं दुसरी कळ दाबली. पडद्यावर तीच म्हातारी, तेच अंगण, पण आता चुलीवर पातेलं होतं आणि तिच्या हातात झाकण. संगणकावर रंगवलेलं. वाफसुद्धा घातली होती. तिनं ते उचललेलं होतं, थोडं पुढं धरलेलं, कुणाला तरी आत दाखवावं तसं. मी या मुलीला काही सांगितलं नव्हतं. हात रिकामे होते तेव्हाही नटीनं ते तसेच पुढं धरले होते, आणि झाकण त्यात बरोबर बसलं होतं.

 मी पडद्याकडे बघत राहिलो. ऑक्टोबरात समुद्रकाठी हजारभर माणसं हे बघणार, त्यांना काटा येणार, बाहेर येऊन तळलेला स्क्विड खाणार, यादीत पहिला नंबर देणार. म्हातारी पुन्हा मरणार, तीही उत्तरेच्या शिपायाच्या हातून. माझं झाकण, माझी ढेप, माझा श्वास, आणि टोपी त्याची. इतकं स्वच्छ काम कुठल्या धोब्यानंही करून दिलं नसतं. मी नाही म्हटलं तर ती हे सगळं पुसून टाकेल आणि पुन्हा शांतता येईल, ज्या शांततेवर बुद्धासकट सगळ्यांचे प्रबंध आहेत. तीही माझीच धुलाई होती. गुकदादानं केली होती, उपकार म्हणून. आठवडाभर मी याच दोहोंतलं एक निवडायला म्हणून दाढी करत होतो.

"फक्त एक अडलंय," दा-इन म्हणाली. "झाकण कुठल्या बाजूनं न्यायचं? मी डावीकडे नेलंय, फ्रेमच्या बाहेर. बरोबर वाटतं ना?"

"चूक."

"मग?"

"शेवट ऐक परत. उघड्या जमिनीवर झाकण असं निजत नाही, खूप वेळ खुळखुळतं. हे एकदम बसकं झालंय. कशाला तरी टेकलंय."

तिनं डोळे मिटून ऐकलं. "हो की! अय्या सर, हो की! कशाला?"

"बुटाला. मारणाऱ्याच्या."

ती लगेच चित्र मोठं करू लागली, शिपायाचे पाय पडद्यावर भिंतीएवढे झाले. मग थांबली. "पण सर, यांच्या पायात बूट नाहीत. उत्तरेच्या सगळ्या शिपायांना कापडी जोडे दिलेत. कापडाला टेकलं तर असा आवाज येणार नाही."

"नाही येणार."

"मग हे बूट कुणाचे?"

"आमचे. व्हिएतनामला जाताना मिळाले होते. अमेरिकन, चामड्याचे. मला एक नंबर मोठे होते."

तिचा हात माउसवर तसाच राहिला. "म्हणजे सर, तुम्ही तिथं होता? तुम्ही हे बघितलंत?"

"बघत नव्हतो," मी म्हटलं. "मारत होतो."

संगणकाचा पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी कॉफीच्या यंत्रात नाणं टाकलं. मी तिचा कागद ओढून घेतला. खाली 'इतर सूचना' म्हणून तीन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. अशा ठिकाणी लोक नाव नीट छापा वगैरे लिहीत असावेत. मी लिहिलं: आवाज वापरायला माझी हरकत नाही. झाकण रंगवलंच आहे, तर बूटही रंगवावेत आणि टोपीही. आमची. तसं जमणार नसेल तर या अकरा सेकंदांखाली माझं नाव आणि व्हिएतनामच्या त्या गावात आम्ही शिरलो ती तारीख लिहावी, ती खाली देत आहे. दोन्ही जमणार नसेल तर परवानगी नाही. तारीख लिहिली. ती मला आठवावीही लागली नाही. सही केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सही करताना मला ती दुसऱ्या कुणाची वाटली नाही. ओंगळ वाटली, पण माझी.

"वाचून घे," मी म्हटलं.

तिनं कागद घेतला नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. तिथं तिच्याच ऑफिसनं दाराशी दिलेल्या आकाशी सपाता होत्या.